म्हातारीला बाकावर बसवा

भंडारा जिल्ह्यातल्या कोणकोणत्या दवाखान्यांत सिस्टरांनी मला खांद्याला धरून बाकावर बसवलं, ते सांगायला लागले तर तुम्ही म्हणाल, ही बाई फारच आजारी दिसते. आजारी नाही हो मी. मी नाटकातली बाई. दवाखान्यातही नाटकच करायला जाते.

जन्म अड्याळकडचा, शाळा नावापुरती. वाचायला शिकले ती नाटकाच्या तालमीत, दुसऱ्यांची वाक्यं पाठ करता करता. आमच्याकडे धान निघालं की गावोगावी मंडई, म्हणजे आमची जत्रा, भरते, धानाच्या रिकाम्या बांधीत मांडव पडतो आणि रात्रभर नाटक चालतं. त्यात एक म्हातारी लागतेच. खाष्ट, तोंडाळ, सुनेच्या मागे लागणारी, लोकांना हसवणारी. मी ऐन तिशीत म्हाताऱ्या करायला लागले. हिरॉइनचं नाक देवानं दिलं नव्हतं, पण आवाज असा दिला होता की माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतला माणूस हसायचा. मग खरंच म्हातारी झाले, गुडघे गेले, आणि कंपनीवाले तरण्या पोरींना पांढरे केस लावायला लागले. चालायचंच.

घरी बसून होते तेव्हा एक डॉक्टर मॅडम आल्या. लहान लेकरांच्या डॉक्टर. दिघोरीच्या मंडईत त्यांनी मला कधीतरी पाहिलं होतं. म्हणाल्या, "मावशी, आमच्या ट्रेनिंगमध्ये म्हातारीचं काम कराल का?"

मी म्हटलं, "दवाखान्यात नाटक? पेशंटचे हासून हासून टाके उसवतील ना बाप्पा!"

त्यांनी समजावून सांगितलं. लेकरू जन्मलं आणि रडलं नाही, श्वास घेतला नाही, तर पहिलं एक मिनिट फार मोलाचं असतं. त्याला पुसायचं, ऊब द्यायची, मान नीट ठेवायची, आणि तरीही श्वास आला नाही तर तोंडानाकावर मास्क धरून रबरी पिशवी दाबत हवा द्यायची. पुस्तकातून हे सगळ्यांना येतं. पण वेळ आली की हात थरथरतात, एकाच कामाला तिघी धावतात आणि दुसऱ्या कामाला कोणीच नसतं. म्हणून डॉक्टर, सिस्टर, आया, सगळ्यांना एकत्र उभं करायचं, रबरी बाहुली द्यायची आणि खऱ्यासारखा प्रसंग करून घ्यायचा. बाहुली तर होती त्यांच्याकडे. घाबरलेले नातेवाईक नव्हते. मॅडम म्हणाल्या, "दारातून म्हातारी ओरडत आली की पिशवी दाबणारीचा हात थांबतो. तो थांबायला नको. एकीनं जायचं, आजींना बाकावर बसवायचं आणि लगेच परत यायचं. एवढं शिकवायचं आहे."

मॅडमनं दिलेल्या कागदावर माझ्यासाठी एकच ओळ होती. आजी घाबरून आत येतात. बस, एवढीच. बाकीचं मी घातलं.

आणि काय काय घातलं म्हणता! माझ्या सासूचं सगळं गाठोडं सोडलं. घरून काशाची थाळी घेऊन गेले. पूर्वी लेकरू रडलं नाही की त्याच्या कानाशी थाळी वाजवायचे ना, ती वाजवत मी आत शिरायचे. "अवो, कांदा फोडा कांदा, नाकाशी धरा! नाळेसकट वार चुलीवर गरम करा, जीव येते! पोट्ट्याले उलटं धरा! हे पिशवी काय फुस्सफुस्स करून राहिल्या, सायकलची हवा भरता का माह्या नातवात?" सायकलच्या वाक्याला हमखास हशा. डॉक्टरही तोंड फिरवून हसायचे. मग एक सिस्टर यायची, माझ्या खांद्यावर हात ठेवायची आणि म्हणायची, "आजी, आम्ही बाळाचंच काम करून राहिलो. तुम्ही इथं बसा." मी बाकावर बसायचे, पुन्हा उठायचे, पुन्हा मला बसवायचे. टाळ्या पडायच्या. घरी येताना वाटायचं, अजून आपलं नाणं चालतं.

एका ग्रामीण रुग्णालयात, नाव सांगत नाही, एक तरणी सिस्टर होती. कामाला पक्की. बाहुलीची छाती तिच्या हातानं पहिल्या दाबाला वर यायची. पण मला बसवायचं काम तिच्या वाट्याला आलं की फजिती. मी म्हणायचे, "कांदा काहून नाही आणला?" तर ती खरंच उत्तर द्यायची, "आजी, कांद्यानं नाही होत ना, श्वास असा येतो..." आणि मागे बाहुली तशीच पडलेली. मॅडम चिडल्या. "तुला आजींना शिकवायचं नाही आहे. बसवायचं आहे."

जेवणाच्या सुट्टीत पोरगी डबा उघडून नुसती बसली होती. मी जवळ गेले. मला दया आली असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. खरं म्हणजे माझा सीन तिच्यामुळे पडत होता. समोरचा वेळेवर वाक्य टाकत नसला की विनोदाची माती होते, ते मला खपत नव्हतं.

मी म्हटलं, "काय व, काहून इतकी ऐकत बसतेस माह्यं?"

"तुम्ही इतक्या खऱ्यावानी बोलता ना मावशी. वाटतं, बिचारी काही विचारून राहिली."

"अवं, म्हातारीच्या बोलण्यात काही राहत नाही. तिचं तोंड चालते, तू आपलं काम चालव. आवाज येऊ द्यायचा, शब्द नाही ऐकायचे. पाटाचं पाणी वाहून राहिलं समज."

ती हसली. मग तिथंच डब्याशेजारी मी तिच्याकडून तालीम करून घेतली. हात कसा ठेवायचा, नजर कशी द्यायची नाही, वाक्य कसं एका दमात टाकायचं. दुपारच्या पाळीत तिनं मला असं बसवलं की मला सायकलचं वाक्यही पुरं करता आलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मॅडमनं तिची पाठ थोपटली, आणि मी बाकावरून तिला डोळा मारला.

धान कापणीच्या दिवसांत ती स्कूटीवर माझ्या घरी आली. अड्याळचा बाजार होता, मला वाटलं भाजीला आली असेल. पाणी दिलं, ते तिनं हातातच धरून ठेवलं.

"मावशी, तुमचंच वाक्य माह्या तोंडातून निंगालं," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं ते असं. एक बाळंतपण झालं. लेकरू चांगलं रडलं, म्हणून पुसून आईच्या छातीवर ठेवलं, वरून कपडा घातला. तसंच ठेवायचं असतं, आईची ऊब मिळते. तेवढ्यात बाजूच्या टेबलावरच्या बाईला जोराच्या कळा सुटल्या, तर ही तिकडे धावली. इकडे दारातून या लेकराची आजी डोकावली आणि सुरू झाली. पंखा बंद करा, पोट्ट्याले थंडी लागते. मध काहून नाही चाटवला? त्याच्या आत्याले आत येऊ द्या, तिचा मान हाये. पोरगं आवाज नाही करून राहिलं व, त्याचं नाक दबलं. बापाले काहून नाही बोलावलं?

"सगळं एका दमात, मावशी. अगदी तुमच्यावानी. आया हसली, म्हणाली, आली पाहा ट्रेनिंगवाली म्हातारी. मी गेली, खांद्यावर हात ठेवला, वाक्य म्हटलं, बसवलं. त्या पुन्हा उठून आल्या. म्हणे, अवो पाहा ना, ते चुप हाये. मी पुन्हा बसवलं."

मी तिच्या हातातला गिलास काढून खाली ठेवला.

"मंग मीच वजन करायले उचललं तं ते निळं. मान लोंबून राहिली होती."

त्यानंतर तिनं सगळं बरोबर केलं. कोरडा कपडा, मान सरळ, मास्क, पिशवी. छाती वर आली. लेकरानं आचका दिला आणि मग श्वास. डॉक्टर आले, गाडी आली, लेकराला भंडाऱ्याला नवजात लेकरांच्या वॉर्डात नेलं. तिथून ते बरं होऊन घरी गेलं. तरी डॉक्टरांनी सांगितलं होतं की मान धरते का, नजर फिरवते का, याकडे ध्यान ठेवा, तपासणीला आणत राहा.

"जगलं ना?" मी म्हटलं. "तुह्याच हातानं जगलं ना?"

"जगलं. पण त्या बुढीचं काय करू, ते सांगा."

मग तिनं पोटातलं काढलं. त्या दिवशी लेकराचा बाप धावत आला आणि दारात विचारायला लागला की काय झालं. आया म्हणाली, तुमच्या आईनं लय गोंधळ घातला, सिस्टरले काम करू देल्लं नाही. आणि ही उभी होती, पिशवी हातातच होती, ही काही बोलली नाही. आता गावातल्या आशाताईनं सांगितलं की त्या घरात बुढीला लेकराला हात लावू देत नाहीत. पोरगा म्हणतो, तुह्या बोंबलण्यानं माह्या लेकराचा जीव जात होता. आणि बुढी खरं मानते. ती बोलतच नाही म्हणे कोणाशी.

मी तिला म्हटलं, जाऊ आपण. लवकरच जाऊ.

आणि लवकर काही गेलो नाही. सिस्टरला सुट्टी मिळत नव्हती हे एक. पण खरं ते हे, की मॅडमचा फोन येऊन गेला होता. त्यांना सगळं कळलं होतं. त्या म्हणाल्या, "मावशी, तुमचा काय दोष. प्रसंग मी लिहिला होता." मी त्यांना तो डब्याशेजारचा तास सांगितला नाही. वाटलं, सांगितला तर पुन्हा बोलावणार नाहीत. पुढच्या ट्रेनिंगला मॅडमनं नाटकच बदललं. आता आजी दहा गोष्टी बोलते, त्यातली एक खरी असते, आणि बसवणाऱ्या सिस्टरनं बसवायच्या आधी एकदा लेकराकडे पाहायचं असतं. थाळी मी घरीच ठेवली. हशा आता कमी येतो. पण बोलावणं येतं, आणि ते आलं की मला बरं वाटतं, हे कुठं लपवू?

शेवटी एका रविवारी ती आली. मी लुगड्याचा काचा खोचून स्कूटीवर मागे बसले. "मावशी, मला इतकं आवळू नका, मी पळून नाही जात," ती म्हणाली. तेवढंच आम्ही वाटेत बोललो.

घर रस्त्याला लागूनच. अंगणात धानाची पोती लागलेली, बुढीचा पोरगा त्यांचं तोंड शिवत होता. पडवीच्या एका टोकाला बुढी भिंतीशी टेकून बसलेली. माझ्याच वयाची. हातात काही काम नाही, आणि शेतकऱ्याच्या घरची बाई मळणीच्या दिवसांत रिकामी बसलेली मी कधी पाहिली नव्हती.

तिनं मान वर केली, आणि बाप्पा, चेहरा असा फुलला!

"अवो माय! तुमी तं त्या नाटकवाल्या ना? सुनेच्या डोक्शावर सूप आपटते थे बुढी! आमी बैलगाडीनं गेलतो पाहाले. हासून हासून माह्या पोटात कळ आलती!"

बोलत नाही म्हणे. माझ्याशी बोलली. पोरगाही हात पुसत उठला, नमस्कार केला. मग त्याची नजर सिस्टरकडे गेली आणि तो आणखी वाकला.

"सिस्टर, तुमी आमच्या घरी? बसा, बसा. अवं, चाय ठेव," त्यानं आत बायकोला आवाज दिला. "तुमच्याच हातानं लेकरू वाचलं आमचं. आमच्या बुढीनं तं घात केला होता. इतकं बोंबलायचं का माणसानं?"

बुढीचं हसू तिथंच थिजलं. ती म्हणाली, "माहंच चुकलं बाई. माह्या तोंडाले आराम नाही. तुमचं ध्यान हटलं माह्यापायी."

तोंडाळ म्हातारीचं काम मी आयुष्यभर केलं. तोंडाळ म्हातारी इतक्या हळू बोलते हे मी पहिल्यांदा ऐकलं. आता बोलायची पाळी माझी होती. मी वाटभर वाक्य जुळवलं होतं. डब्याशेजारून सुरू करायचं ठरवलं होतं. आणि मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले.

सिस्टर उभीच होती. ती पोराला म्हणाली, "भाऊ, आजीनं मला सांगितलं होतं. लेकरू आवाज करत नाही, नाक दबलं, असं म्हणाल्या होत्या. मी ऐकलं नाही. त्या दोनदा आल्या, मी दोनदा बसवलं त्यांना."

पोरगा पाहतच राहिला. "म्हणजे? बुढीनं सांगतलं होतं?"

"हो."

"मंग तवा काहून नाही बोलल्या तुमी? मी इचारलं होतं तुमाले. तुमच्या तोंडासमोर उभा होतो मी!"

त्याचा आवाज चढला. साहेबाकडे जातो, लिहून देतो, तुमची नोकरी पाहून घेतो. त्याचं काही चूक नव्हतं. आतून त्याची बायको दारात येऊन उभी राहिली, छातीशी लेकरू. सिस्टर एकही शब्द बोलली नाही, आणि मी, जिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो, मीही नाही.

तेव्हा बुढी उठली.

"चुप रे!" असा आवाज की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. "आता कोकलून राहिला! मी सांगत होती तवा तू तरी आयकलं का? घरी आल्यावर एकदा तरी इचारलं का, का व माय, काय पाहिलं तुनं? आन् ते पोरगी घरी येऊन सांगून राहिली तं तिच्यावर भुकते! कोणती सिस्टर येते रे घरी सांगाले? बस खाली!"

पोरगा खाली नाही बसला. पण पुन्हा पोत्याकडे गेला, दाभण घेतलं, शिवलं नाही, नुसतं हातात धरलं. बुढी दाराशी गेली. सुनेला काही विचारलं नाही. लेकरू उचललं, खांद्याशी धरलं, मानेखाली हात दिला, आणि पडवीत येऊन माझ्याजवळ बसली.

मी तेव्हा बोलले. उशीर झाला होता, तरी बोलले. म्हटलं, "बाई, तिचा एकटीचा दोष नाही. म्हातारीचं ऐकायचं नाही, तिच्या बोलण्यात काही राहत नाही, हे मी शिकवलं तिले. मीच तिथं म्हातारी होऊन जात होती. लोकाले हासवासाठी काहीच्या काही बोलत होती."

बुढीनं माझ्याकडे पाहिलं आणि खळाळून हसली. "तुमी? अवो, तुमी तं नाटकवाल्या! नाटकातलं कोण मनावर घेते! तुमाले कायचा दोष लावाव? घ्या, चाय घ्या. थंडी होऊन राहिली."

ती इतकी मनापासून हसली की मलाही हसू आलं. चहा घेतला. लेकराची मान आता धरते का, हे मी विचारलं. "धरून राहिली थोडी थोडी," ती म्हणाली, "पाहू, पुढच्या महिन्यात अजून दाखवासाचं हाये." लेकराच्या नजरेसमोर तिनं बोट फिरवलं. नजर बोटाच्या मागं गेली, मधेच सुटली, पुन्हा गेली. आम्ही तिघी ते बोट पाहत राहिलो. मग सिस्टर म्हणाली, उशीर होते, निंगू.

वाटेत मी बरंच बोलले. बुढी मनानं किती मोठी आहे, पोरगा रागात बोलला पण तक्रार करणार नाही, आपण गेलो हे बरं झालं. स्कूटीवर मागून बोलायचं म्हणजे ओरडूनच बोलावं लागतं. ती हूं हूं करत होती.

माझ्या दाराशी तिनं गाडी थांबवली, उतरली नाही.

"मावशी, तो माह्यावर ओरडून राहिला होता तवा तुमी काहीच बोलल्या नाही."

"बोलली ना. मंग बोलली ना मी."

"मंग बोलल्या," ती म्हणाली. "आन् त्यांनी ते हासण्यावारी नेलं, तं तुमी बी हासल्या."

रागानं नाही म्हणाली. बाहुलीचा मास्क नीट बसला नाही की शेजारणीला सांगते ना, तशी म्हणाली. मी म्हटलं, भाजी टाकते, भाकर खाऊन जा. तिची ड्युटी होती. ती निघून गेली. तिच्या दवाखान्यात मॅडमनं पुन्हा ट्रेनिंग ठेवलं आहे. मॅडमला अजून मी डब्याशेजारचं सांगितलेलं नाही. काल त्यांचा फोन आला, येता ना मावशी म्हणून, आणि मी हो म्हणून बसले आहे.